आधी कॅबिनेट उघड, मग पाकीट

नऊ हजार रुपये मोजलेस, कुरिअरची वाट बघितलीस, अर्धा दिवस दुकान बंद ठेवून बोर्ड-प्रोसेसरचा कॉम्बो बसवलास, आणि आता मला विचारतोस, ‘सर, आय-७ असून याच्यावर विंडोज ११ का टाकता येत नाही?’ लेकरा, हा प्रश्न पैसे देण्याआधी विचारायचा होता. उत्तर तेव्हाही हेच होतं आणि ते शोधायला पाच मिनिटं पुरली असती. ती पाच मिनिटं तू दिली नाहीस, म्हणून आता माझं ऐकावं लागेल. पूर्ण ऐक. मध्ये बोलू नकोस.

पहिली गोष्ट पैशाची. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. तुझ्या वडिलांच्या मालाला तो पूर्ण मिळाला असं धरलं, तरी नऊ हजार म्हणजे पावणेदोन क्विंटलच्या आसपास सोयाबीन झालं. बियाणं, फवारणी, काढणी, मळणी यांचा खर्च मी अजून धरलेलाही नाही. हेच तुझे वडील पेरणीआधी काय करतात, ते तू लहानपणापासून बघतोस. घरच्या बियाण्यातले १०० दाणे मोजून ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवतात, किती उगवले ते मोजतात आणि ७० च्या खाली आकडा गेला तर ते बियाणं रानात नेत नाहीत. तुझ्या घरात तपासल्याशिवाय दाणासुद्धा मातीत पडत नाही. त्याच घरात वाढून तू एका फोटोवर विश्वास ठेवून नऊ हजार देतोस, याचा मला संताप आहे.

आता तू काय आणलंस ते ऐक. खोक्यावर ‘आय-७’ लिहिलेलं तू वाचलंस आणि तिथेच थांबलास. आय-७ हे नाव इंटेलने २००८ साली आणलं, आय-५ हे २००९ मध्ये आणि आय-३ हे २०१० मध्ये. तेव्हापासून पिढ्या बदलत गेल्या, नावं तीच राहिली. प्रोसेसरचं वय नावात नसतं, नावापुढच्या आकड्यात असतं. चार आकडी क्रमांकातला पहिला आकडा म्हणजे पिढी. पाच आकडी असेल तर पहिले दोन. तुझा आहे ३७७०. म्हणजे तिसरी पिढी, एप्रिल २०१२. तुझ्या जुन्या मशीनमध्ये काय होतं? आय-३ ४१३०. चौथी पिढी, २०१३. तू जुना प्रोसेसर काढून त्याहून जुना बसवलास. हे वर्गात फळ्यावर लिहून दिलं होतं. परीक्षेत तू बरोबरही लिहिलं होतंस. मार्क मिळाले आणि वही मिटली, असंच ना?

तू म्हणशील, त्याला चार कोअर आहेत, जुन्याला दोनच होते. बरोबर आहे, चार कोअर आणि आठ थ्रेड आहेत. तेवढ्यापुरता तो तुझ्या आय-३पेक्षा जास्त काम ओढेल, हे मी नाकारत नाही. पण मग जानेवारी २०२२ मधला आय-३ १२१०० घे. त्यालाही चारच कोअर आणि आठच थ्रेड आहेत. दोघांमध्ये जेमतेम दहा वर्षांचं अंतर आहे, आणि एकूण कामाच्या चाचण्यांत तो आय-३ तुझ्या आय-७च्या दुपटीहून जास्त वेगाने पळतो. कोअर मोजून प्रोसेसर निवडणारा निम्मंच मोजतो. एक कोअर एका फेरीत किती काम उरकतो, हे पिढीवर ठरतं.

बोर्डाचं तर विचारूच नकोस. तुझा जुना बोर्ड एच ८१ चिपसेटचा होता. त्यात सेकंदाला सहा गिगाबिटवाले दोन साटा पोर्ट होते आणि यूएसबी ३.० होतं. नवा म्हणून आणलास तो एच ६१. त्या चिपसेटमध्ये सहा गिगाबिटचा साटा नाही, सगळे पोर्ट तीन गिगाबिटचे. आणि यूएसबी ३.० चिपसेटमध्येच नाही. म्हणजे उद्या तू चांगली एसएसडी लावलीस, तरी ती निम्म्या वेगाने चालणार. एव्हीएक्स २ नावाचा सूचनासंच तुझ्या जुन्या आय-३मध्ये होता, या आय-७मध्ये नाही. काही नवी सॉफ्टवेअरं आता तो मागतात. इंटेलने हा प्रोसेसर बनवणं केव्हाच बंद केलंय. तुझ्या हातातला नग बहुधा कुठल्यातरी कंपनीच्या भंगारात निघालेल्या कॉम्प्युटरमधला आहे. अशा स्वस्त बोर्डांवरचा चिपसेटही बरेचदा जुन्या बोर्डावरून काढून बसवलेला असतो. नवं होतं ते फक्त खोकं.

आणि याहून मोठी चूक अजून मी सांगितलीच नाही. तुझ्या मशीनला प्रोसेसरची अडचण होती, हे तुला कुणी सांगितलं? तू बघितलंस का? कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबले की टास्क मॅनेजर उघडतो. कामाच्या गर्दीत, कोरलड्रॉमध्ये फ्लेक्स उघडलेला असताना, ब्राउझरमध्ये दहा टॅब असताना तो उघडून तीन आकडे वाचायचे होते. सीपीयू किती टक्के, मेमरी किती टक्के, डिस्क किती टक्के. तुझ्या मशीनला ४ जीबी रॅम होती आणि ५०० जीबीची जुनी हार्ड डिस्क. मी न बघता सांगतो, डिस्क १०० टक्क्यांवर अडकलेली असणार, मेमरी ९० च्या पुढे असणार आणि प्रोसेसर निवांत असणार. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं केलंस तू.

हे असं का होतं, तेही परत एकदा समजून घे, कारण ते कळल्याशिवाय तू पुन्हा तेच करशील. हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेते. म्हणजे सेकंदाला १२०. एका फेऱ्याला ८.३३ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती डोक्याखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४ मिलिसेकंदांहून थोडं जास्त. त्याआधी डोकं योग्य जागी सरकायला आठ-नऊ मिलिसेकंद. दोन्ही मिळून एका वाचनाला तेरा मिलिसेकंद धर. सेकंदाला पाऊणशेच्या आसपास वाचनं, बस. विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फायली वाचते. साधी साटा एसएसडी हीच वाचनं सेकंदाला हजारोंनी करते, कारण तिच्यात फिरणारं काही नाही. त्यात तुझी रॅम चारच जीबी. ती भरली की विंडोज उरलेला माल त्याच संथ डिस्कवर नेऊन टाकते आणि लागेल तसा परत आणते. अशा मशीनला तू आय-७ लावलास, तर तोही त्याच डिस्ककडे बघत बसणार.

म्हणजे जुन्या बोर्डावरच काय करता आलं असतं? एच ८१ बोर्ड १६ जीबीपर्यंत रॅम घेतो. डीडीआर ३ची एक वापरलेली आठ जीबीची पट्टी आणि एक साटा एसएसडी. मशीन दोन तासांत बदललं असतं. तरी प्रोसेसर कमी वाटला असता, तर त्याच सॉकेटमध्ये चौथ्या पिढीचा चार कोअरवाला आय-५ ४५७० बसला असता, बोर्ड न बदलता. त्याआधी कॅबिनेटचं झाकण काढून धूळ साफ करायची होती. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, तुझं दुकान पत्र्याचं, समोर कच्चा रस्ता. हीटसिंकच्या पट्ट्यांमध्ये धुळीचा थर बसला की प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवायला आपला वेग उतरवतो. ब्लोअर मारून, जुनी सुकलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली, तर काही मशीनं तेवढ्यानेच सुधारतात. यातलं एकही काम तू केलं नाहीस, कारण त्यात दाखवायला नवं खोकं नव्हतं.

आता तुझी जी एक गोष्ट बरोबर आहे, तीही सांगतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०ची नेहमीची सुरक्षा अपडेटं थांबवली. घरगुती वापरासाठी काही अटींवर किंवा पैसे भरून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदतवाढ ठेवली, एवढंच. विंडोज ११ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते, रायझन असेल तर साधारण २००० मालिकेपासून पुढचा, आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. तुझा जुना चौथ्या पिढीचा बोर्ड या यादीत नव्हता. म्हणजे बोर्ड आणि प्रोसेसर बदलायचं खरं कारण तुझ्याकडे होतं. आणि त्याच कारणासाठी तू अशी वस्तू घेतलीस जी त्या यादीत अजून एक पाऊल मागे आहे. आता कुणीतरी तुला सांगेल की, एक फाईल टाकून तपासणी चुकवता येते. येते. पण मायक्रोसॉफ्टने अशा मशीनला अपडेट मिळत राहण्याची हमी दिलेली नाही. तू ते करणार नाहीस. का, ते ऐक.

तुझ्या दुकानात औराद शहाजानीहून, कासारशिरसीहून, हलगऱ्याहून माणसं येतात. पीक विम्याची शेवटची तारीख आली की रांग रस्त्यापर्यंत जाते. निराधार योजनेच्या म्हाताऱ्या बाया येतात, पोरींच्या शिष्यवृत्तीचे फॉर्म येतात. त्यांची आधार कार्डं, पासबुकं, सातबारे, उत्पन्नाचे दाखले तुझ्या डेस्कटॉपवर पडलेले असतात. त्यांनी ते तुझ्यावर भरवसा ठेवून दिलेले असतात. ज्या मशीनची सुरक्षा कुणी बघत नाही, त्याच्यावर दुसऱ्याच्या आयुष्याचे कागद ठेवायचा तुला हक्क नाही. तुझ्या घरच्या गेमिंगचा प्रश्न असता, तर मी इतकं बोललो नसतो. शेवटच्या दिवशी मशीन हँग झालं, तर नुकसान तुझं वीस रुपयांचं होतं, पण समोरच्याचं वर्षभराचं होतं.

तेव्हा आता नीट निवडायचं कसं, ते लक्ष देऊन ऐक. क्रम बदलायचा नाही.

आधी काम लिही. तुझं काम म्हणजे ऑनलाइन फॉर्म, स्कॅनिंग, कोरलड्रॉ, थोडं फोटोशॉप, टॅली. याला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. म्हणजे प्रोसेसरच्या आतच ग्राफिक्स असलेला प्रोसेसर हवा. इथे एका अक्षरावर पैसे बुडतात. इंटेलच्या क्रमांकामागे ‘एफ’ असेल, तर आत ग्राफिक्स नाही. आय-३ १२१०० घेतलास तर पडदा उजळेल. १२१००एफ थोडा स्वस्त म्हणून घेतलास, तर वेगळं कार्ड आणेपर्यंत काळोख. एएमडीच्या एएम४ सॉकेटच्या प्रोसेसरांत उलट बघायचं, तिथे ‘जी’ अक्षर हवं. रायझन ५ ५६००जी मध्ये सहा कोअर, बारा थ्रेड आणि आत ग्राफिक्स आहे. नुसत्या ५६०० मध्ये आणि ५५०० मध्ये ते नाही. नावात एकाच अक्षराचा फरक असतो म्हणून दुकानदाराला दोष देऊ नकोस. वाचायचं काम गिऱ्हाइकाचं.

मग सॉकेट. प्रोसेसर आणि बोर्ड ही जोडी असते, एकट्याची निवड होत नाही. एच ६१ वर दुसरी-तिसरी पिढी, एच ८१ वर चौथी. पुढे इंटेलने सहाव्या-सातव्या आणि आठव्या-नवव्या पिढीला सॉकेट एकाच नावाचं ठेवलं, ११५१. पण एच ११० बोर्डावर आठवी पिढी चालत नाही, तिला एच ३१० सारखा ३०० मालिकेचा बोर्ड लागतो. प्रोसेसर बसतो, मशीन उठत नाही. दहाव्या पिढीला एच ४१०, अकराव्या पिढीला एच ५१० बघ. बाराव्या, तेराव्या, चौदाव्या पिढीला सॉकेट १७००, त्यात सर्वांत कमी खर्चाचा चिपसेट एच ६१०. एएमडीकडे एएम४ सॉकेट आहे. २०१७ साली पहिला रायझन ज्या सॉकेटवर आला, त्याच सॉकेटसाठी कंपनीने २०२४ मध्येही नवे प्रोसेसर काढले. म्हणून बी ४५०, ए ५२०, बी ५५० असे बोर्ड आजही विचारात घेण्यासारखे आहेत. त्यानंतरचं एएम५ सॉकेट २०२२ मध्ये आलं आणि त्याला २०२७ पर्यंत व पुढेही आधार देऊ असं एएमडीने सांगितलेलं आहे, पण त्याला डीडीआर ५ रॅमच लागते.

इथे बायोसचा मुद्दा येतो. बोर्ड जुन्या साठ्यातला असेल आणि प्रोसेसर त्याच्या नंतर आलेला असेल, तर बायोस अपडेट केल्याशिवाय बोर्ड त्याला ओळखत नाही. बी ४५० वर रायझन ५००० लावताना हे हमखास घडतं, आणि एच ६१० वर तेराव्या-चौदाव्या पिढीलाही घडू शकतं. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर प्रत्येक मॉडेलखाली ‘सीपीयू सपोर्ट’ नावाची यादी असते. त्यात प्रोसेसरचा क्रमांक आणि लागणारी बायोस आवृत्ती लिहिलेली असते. दुकानदाराचा शब्द, मित्राचा शब्द, व्हिडिओतला शब्द, हे सगळे त्या यादीच्या नंतर. दुकानातूनच बायोस अपडेट करून घ्यायचा आणि मगच पैसे द्यायचे.

रॅमचं गणित वेगळं मांड. तुझी डीडीआर ३ पट्टी नव्या बोर्डावर बसणार नाही, तिची खाच वेगळ्या जागी असते. एच ६१० बोर्ड डीडीआर ४चेही येतात आणि डीडीआर ५चेही, नाव तेच. खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते वाच. २०२५च्या शेवटापासून रॅमचे भाव जगभर चढले, कारण मेमरी बनवणाऱ्या मोजक्या कंपन्यांनी आपला माल मोठ्या डेटा सेंटरांकडे वळवला. म्हणून बोर्ड-प्रोसेसर स्वस्त मिळाला आणि रॅमने कंबर मोडली, असं आता सहज होऊ शकतं. बोर्ड ठरवण्याआधी त्याच दिवशीचा रॅमचा भाव विचारायचा आणि तिघांची बेरीज करायची. आतल्याच ग्राफिक्सवर काम करणार असशील, तर १६ची एक पट्टी घेण्याऐवजी आठ-आठच्या दोन लाव. ग्राफिक्स त्याच रॅममधून चालतं आणि दोन पट्ट्यांनी त्याचा रस्ता रुंद होतो.

बोर्ड घेताना सर्वांत स्वस्त घेऊ नकोस. सर्वांत महागही नको. प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग, ज्याला व्हीआरएम म्हणतात, त्याच्यावर निदान हीटसिंक आहे का बघ. आपल्या उन्हाळ्यात तो भाग आधी तापतो. रॅमच्या खाचा दोन आहेत का, एनव्हीएमई एसएसडीसाठी एम डॉट २ जागा आहे का, तुझा जुना मॉनिटर व्हीजीए वायरवर चालतो तर बोर्डावर तो पोर्ट आहे का, प्रिंटर, स्कॅनर आणि अंगठ्याचं यंत्र लावायला यूएसबी पुरतात का. हे चार प्रश्न. पाचवा, बोर्ड तुझ्या कॅबिनेटमध्ये बसतो का. आणि बसवताना हात जपून. इंटेलच्या या सॉकेटांच्या पिना बोर्डावर असतात, एएम४ च्या प्रोसेसरला असतात. एक पिन वाकली की वॉरंटी गेली. पॅकेट उघडताना सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोबाइलवर व्हिडिओ काढ, सॉकेटचं झाकण उघडताना विशेष.

एसएमपीएस. कॅबिनेटबरोबर फुकट आलेला तो डबा तू अजून वापरतोस ना? त्याच्यावर ‘४५० वॉट’ लिहिलंय म्हणून तो तेवढे देतोच असं नाही. तुला खरं तर तेवढे लागतही नाहीत. ग्राफिक्स कार्ड नसलेलं आय-३चं मशीन १५० वॉटच्या आतच राहतं. पण जे लागतात ते स्थिर लागतात. निलंग्यात लाईट जाते आणि येताना झटका देऊन येते, हे तुला मी सांगायला नको. स्वस्त एसएमपीएस तो झटका थेट बोर्डावर ढकलतो. म्हणून ८० प्लस प्रमाणपत्राचा, नामांकित कंपनीचा साधा एसएमपीएस घे, नव्या बोर्डाला लागणारी आठ पिनांची वायर त्याला आहे याची खात्री कर, आणि चांगला यूपीएस लाव. त्याच्याआधी इलेक्ट्रिशियन बोलावून दुकानाचं अर्थिंग तपासून घे. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, असं तू मागे सांगितलं होतंस. तेव्हाच अर्थिंग करायला हवं होतं. अर्थिंग नसलेल्या दुकानात नवा बोर्ड लावणं म्हणजे पुढचे नऊ हजार आजच जाळणं.

आणखी एक मार्ग आहे आणि तो तू हलका समजू नकोस. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षांनी आपले ऑफिसचे डेस्कटॉप बदलतात. आठव्या पिढीच्या, सहा कोअरवाल्या आय-५ची अशी तयार मशीनं रिफर्बिश्ड म्हणून मिळतात. विंडोज ११च्या यादीत ती बसतात. बोर्ड, प्रोसेसर, रॅम, एसएमपीएस सगळं एकमेकांशी जुळलेलं असतं. बऱ्याच वेळा हा हिशोब सुट्या भागांपेक्षा स्वस्त पडतो. त्याचा तोटा असा की बोर्ड आणि एसएमपीएस त्या कंपनीच्या खास मापाचे असतात. उद्या एक भाग गेला तर बाजारातला कुठलाही बसत नाही. हे माहीत असून घेतलंस तर चालेल. न कळता घेतलंस तर पुन्हा इथेच उभा राहशील.

खरेदी कुठे करायची? आपल्याकडची पोरं हैदराबादला, सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरला जातात, काही लातूरला घेतात, काही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवतात. दोन-तीनशे रुपयांच्या फरकासाठी लांब जाऊ नकोस. बिघडलेला बोर्ड परत घेऊन जायला लागणारं भाडं आणि बुडालेले दिवस त्या फरकात धर. पक्कं बिल हवं, त्यावर जीएसटी क्रमांक आणि प्रत्येक भागाचा सीरियल नंबर हवा. प्रोसेसर सीलबंद खोक्यातला घे. इंटेल आणि एएमडी दोघांचीही त्याच्यावर तीन वर्षांची वॉरंटी असते. सुटा, ‘ट्रे’ म्हणून मिळणारा नग स्वस्त असतो, पण त्याची जबाबदारी विकणाऱ्यापुरती असते. बिल नसेल तर ती जबाबदारीही हवेत. फसवणूक झालीच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. पण तिथेही पहिला प्रश्न बिलाचाच विचारतात.

तुझ्या त्या कॉम्बोचं काय करायचं, तेही सांगतो. परत करायची मुदत उरली असेल, तर आजच्या आज अर्ज टाक. मुदत गेली असेल, तर तो फेकू नकोस आणि दुसऱ्या अजाण पोराच्या गळ्यातही मारू नकोस. त्याच्यावर लिनक्स टाक, आपल्या सी-डॅकने तयार केलेली बॉस लिनक्सही चालेल, एसएसडी लाव आणि त्याला इंटरनेटशिवायच्या टायपिंगला किंवा घरच्या लहान भावंडांच्या सरावाला ठेव. गिऱ्हाइकाचा कागद त्या मशीनवर उघडायचा नाही.

मला राग तू चुकलास याचा नाही. अख्खा जिल्हा लातूर पॅटर्नच्या नावाने ओळखला जातो. एकेक प्रश्न पुन्हा पुन्हा सोडवायचा, चुकला तर का चुकला ते शोधायचं, ही सवय इथल्या पोरांच्या अंगात भिनलेली आहे. तुझ्याही होती. ती परीक्षेपुरती ठेवलीस आणि जिथे बापाचा घाम लागला होता तिथे एकही प्रश्न विचारला नाहीस, याचा राग आहे. तुला येत नव्हतं असं नाही. तू बघितलं नाहीस. न येणाऱ्याला मी शंभर वेळा शिकवतो. न बघणाऱ्याला शिकवून उपयोग नसतो.

म्हणून आता तोंडी माफी नको. जुना बोर्ड परत लाव, टास्क मॅनेजर उघड आणि कामाच्या गर्दीतले तिन्ही आकडे लिहून काढ. कागदाच्या दुसऱ्या बाजूला लिही: काम काय, प्रोसेसर कोणता आणि त्याच्यामागचं अक्षर काय, सॉकेट कोणतं, बोर्डाच्या यादीत तो प्रोसेसर कोणत्या बायोसवर आहे, रॅम कोणती आणि आजचा भाव काय, एसएमपीएसला कोणत्या वायरी आहेत, मॉनिटरचा पोर्ट कोणता. शेवटी एकूण बेरीज, आणि तिच्या शेजारी रिफर्बिश्ड मशीनची किंमत. तो कागद माझ्यासमोर येईपर्यंत एक रुपया खर्च करायचा नाही. कोरा कागद घेऊन येणार असशील तर येऊ नकोस. भरलेला आणलास, तर लातूरच्या दुकानात तुझ्याबरोबर मी स्वतः येतो.